युद्धकाळातलं परीक्षण वाचायचं तर आख्खं पान वाचा

2 जुलै 1941. लंडनच्या पिकॅडिली थिएटरमध्ये नाटककार नोएल कॉवर्ड यांच्या ‘ब्लाइद स्पिरिट’ या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग. बॉम्बहल्ल्यातला ढिगारा रस्त्यावर तसाच पडलेला, त्यावर फळ्या टाकलेल्या, आणि प्रेक्षक त्या फळ्यांवरून चालत नाटकाला गेले. नाटक कशाबद्दल, तर मेलेल्या पहिल्या बायकोचं भूत परत येतं आणि दुसऱ्या बायकोच्या संसारात धुमाकूळ घालतं. ज्या शहरात घराघरात सुतक होतं, तिथे मरणावरचा फार्स!

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात एकच प्रश्न आला. त्या आठवड्यात, त्या शहरात, लोकांनी हे कसं घेतलं असेल? नंतर ते नाटक 1,997 प्रयोग चाललं, हे आपल्याला आज ठाऊक आहे. त्या रात्री खुर्चीत बसलेल्या समीक्षकाला ते ठाऊक नव्हतं. त्याला तीन-चार दिवसांत मजकूर द्यायचा होता, आणि मधल्या एखाद्या रात्री पुन्हा भोंगा वाजण्याची शक्यता होती.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला जुन्या ब्रिटिश सचित्र साप्ताहिकांसारखी जागा नाही. नाटक, सिनेमा, इतिहास, पत्रकारिता यांपैकी कशाचाही अभ्यास करणाऱ्यांनी, किंवा नुसत्या कुतूहलापोटीही, यात शिरायला हवं. फक्त शिरताना एक पथ्य पाळा: परीक्षण एकटं उचलून वाचू नका. ते ज्या पानावर, ज्या अंकात, ज्या आठवड्यात छापलं गेलं, त्यासकट वाचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच पथ्यातून निघाल्या आहेत.

पहिली पायरी: कोणतं साप्ताहिक कोणाचं, हे ओळखा

सगळ्यांत थोरलं म्हणजे ‘द इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’. हर्बर्ट इनग्राम यांनी 14 मे 1842 ला सुरू केलेलं. युद्ध, राजघराणं, उत्खनन, विज्ञान असा त्याचा पसारा. नाटक-सिनेमा-पुस्तकांना त्यात ठरलेली पण मोजकी जागा. ‘द ग्राफिक’ 1869 चं. ‘द स्केच’ 1893 चं, उच्चभ्रू समाज आणि रंगभूमी यांच्या मधोमध उभं असलेलं. (अ‍ॅगथा ख्रिस्तींच्या पोयरोच्या सुरुवातीच्या लघुकथा 1923 मध्ये याच ‘स्केच’मध्ये आल्या.) क्लेमेंट शॉर्टर यांनी 1900 मध्ये ‘द स्फिअर’ आणि 1901 मध्ये ‘द टॅटलर’ काढलं. 1903 मध्ये ‘द बायस्टँडर’ आलं. या सगळ्यांहून वेगळं, सामान्य नोकरदार वाचकाचं, डावीकडे झुकलेलं ‘पिक्चर पोस्ट’ 1938 मध्ये निघालं.

परीक्षणांसाठी सुरुवात ‘टॅटलर’पासून करा असं मी सांगेन. त्यात नाटक, सिनेमा आणि पुस्तकं या तिन्हींना दर आठवड्याला सही असलेला मजकूर मिळे, आणि भरपूर चित्रं असत.

इथे नवखा माणूस हमखास फसतो अशा तीन जागा आहेत. ‘द ग्राफिक’ 1932 मध्येच बंद पडलं, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धासाठी ते उघडण्यात अर्थ नाही. पहिल्या महायुद्धासाठी मात्र जरूर उघडा. ‘द स्केच’ आणि ‘डेली स्केच’ ही दोन वेगळी पत्रं आहेत, दुसरं दैनिक आहे. आणि 1940 मध्ये ‘टॅटलर’ व ‘बायस्टँडर’ एकत्र झाली, नाव झालं ‘द टॅटलर अँड बायस्टँडर’. त्यामुळे 1942 चा ‘बायस्टँडर’ स्वतंत्रपणे शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही आणि संग्रहात अंकच नाहीत असा गैरसमज होतो.

दुसरी पायरी: एकच कलाकृती घ्या आणि तिच्या तारखा मांडा

‘युद्धकाळातलं ब्रिटिश नाटक’ असा विषय घेऊन बसलात तर महिनाभरात कंटाळून उठाल. एक नाटक घ्या. एक सिनेमा घ्या. कागदावर त्याच्या तारखा लिहा, आणि त्यांच्याखाली साप्ताहिकांच्या अंकांच्या तारखा.

‘ब्लाइद स्पिरिट’चंच करून बघू. कॉवर्ड यांनी ते मे 1941 मध्ये वेल्समधल्या पोर्टमेरियनला आठवडाभरात लिहिलं. लंडनवरच्या ब्लिट्झमधला, म्हणजे जर्मन बॉम्बहल्ल्यांच्या सत्रातला, शेवटचा मोठा हल्ला 10 मेच्या रात्रीचा, म्हणजे लिखाण आणि तो हल्ला जवळपास एकाच सुमाराचे. पहिला प्रयोग मँचेस्टरच्या ऑपेरा हाउसमध्ये 16 जूनला. लंडनला 2 जुलै, त्या दिवशी बुधवार. ‘टॅटलर’ आणि ‘स्केच’ यांच्या अंकावर बुधवारची तारीख असे; ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ आणि ‘स्फिअर’वर शनिवारची. म्हणजे ‘टॅटलर’चे 9, 16 आणि 23 जुलैचे अंक, आणि शनिवारवाल्यांचे 5, 12 आणि 19 जुलैचे अंक पाहायचे.

तीन-तीन अंक कशाला? कारण सचित्र साप्ताहिकाची पानं दैनिकासारखी रातोरात होत नसत. फोटो निवडायचे, त्यांचे छाप तयार करायचे, पान मांडायचं, यात दिवस जात. मंगळवारी रात्री लागलेल्या नाटकाचं परीक्षण बुधवारच्या अंकात असणं शक्य नाही. शिवाय फोटो आणि परीक्षण एकाच अंकात येतीलच असंही नाही. कधी फोटोंचं पान आधी येतं, मतं नंतर.

सिनेमाचं उदाहरण हवं असेल तर पॉवेल आणि प्रेसबर्गर या दिग्दर्शक-लेखक जोडीचा ‘द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिम्प’ घ्या. लंडनमध्ये 10 जून 1943 ला, गुरुवारी प्रदर्शित झाला. मग बुधवारचे 16 आणि 23 जून, शनिवारचे 12, 19 आणि 26 जून. अशी चिठ्ठी हातात असली की संग्रहात भरकटायला होत नाही.

पहिल्या महायुद्धात रस असेल तर ‘द बॅटल ऑफ द सोम’ हा माहितीपट घ्या. ऑगस्ट 1916 मध्ये तो लंडनला लागला तेव्हा फ्रान्समधली सोमची लढाई चालूच होती. पडद्यावर जखमी आणि मृत सैनिक, प्रेक्षकांत त्याच आघाडीवर गेलेल्यांच्या आया-बायका. त्यातला खंदकातून बाहेर पडून चाल करण्याचा गाजलेला प्रसंग चित्रीकरणासाठी घडवलेला होता, हे आज आपण जाणतो. 1916 चा परीक्षक ते खरंच समजून पाहत होता. त्याच्या भाबडेपणाला हसण्याची घाई करू नका. त्याने काय पाहिलं असं त्याला वाटलं, तेच तर आपल्याला हवं आहे.

तिसरी पायरी: अंकापर्यंत पोचा

मुख्य दरवाजा म्हणजे ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह ही संकेतस्थळावरची पत्रसंपदा. ब्रिटिश लायब्ररीच्या सहकार्याने 2011 मध्ये सुरू झाली. वर सांगितलेली बहुतेक सचित्र साप्ताहिकं तिथे आहेत. शोध घ्यायला पैसे लागत नाहीत, पान पूर्ण उघडायला लागतात. म्हणून वर्गणी भरण्याआधी शोधाच्या यादीवरच आठ-दहा दिवस काम करा. यादीत तारीख, पत्राचं नाव, पान क्रमांक आणि दोन-चार ओळींचा तुकडा दिसतो. तेवढ्यावरून पक्की यादी करा, मग एका महिन्याची वर्गणी घ्या आणि ठरलेली पानं एका दमात उतरवा. विद्यार्थ्यांच्या खिशाला हे परवडतं.

‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’चा 1842 पासून 2003 पर्यंतचा संग्रह गेल या प्रकाशनाने वेगळा केलेला आहे. तो विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून मिळतो. तुम्ही परदेशात शिकत असाल तर ग्रंथपालांना आधी हेच विचारा; स्वतःच्या खिशातून पैसे घालण्याची वेळ कदाचित येणारच नाही. पहिल्या महायुद्धापर्यंतचे काही खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत.

आणि महाराष्ट्रात असाल तर जुन्या ग्रंथालयांत जाऊन बांधीव खंडांची चौकशी करा. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीसारख्या संस्थांच्या कपाटांत इंग्रजी नियतकालिकांचे मोठे साठे आहेत. सूची चाळा आणि सूचीत नसलं तरी काउंटरवर विचारा. कागदाचा खंड हातात घेण्याचा फायदा असा की पानाचा आकार कळतो. पडद्यावर सगळी पानं सारखी दिसतात. प्रत्यक्षात ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’चं पान टेबलावर पसरावं लागतं, आणि त्यात परीक्षणाची जागा किती छोटी किंवा मोठी होती ते डोळ्यांना एका क्षणात समजतं.

खंड हाताळताना एक गोष्ट तपासा. खंड बांधताना मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पानं काढून टाकण्याची पद्धत पुष्कळ ग्रंथालयांत होती. जाहिरातींच्या पानांना अनेकदा वेगळे, रोमन आकडे असत, त्यामुळे ती गेली तरी मुख्य पानांचे क्रमांक सलगच दिसतात. ‘पान गहाळ नाही’ म्हणजे ‘अंक पूर्ण आहे’ असं समजू नका.

आज एवढं मिळतं हेही थोडं नाही. 20 ऑक्टोबर 1940 ला लंडनच्या कॉलिनडेल भागातल्या वृत्तपत्र-भांडारावर बॉम्ब पडला आणि सुमारे 6,000 खंड नष्ट झाले, आणखी हजारो खराब झाले. त्यात मुख्यतः प्रांतिक आणि आयरिश वृत्तपत्रं होती. मँचेस्टरच्या किंवा इतर गावांतल्या प्रयोगांबद्दल स्थानिक वृत्तपत्रांत शोधताना मध्येच पोकळी लागली तर हे लक्षात असू द्या.

चौथी पायरी: शोध कसा घ्यायचा

संगणकाने छापील पान वाचून केलेला मजकूर चुकांनी भरलेला असतो. सचित्र साप्ताहिकांत तर जास्तच, कारण मजकूर चित्रांच्या कडेने वळसे घेतो, रकाने अरुंद असतात, शीर्षकं सजवलेल्या अक्षरांत असतात. त्यामुळे नाटकाचं नाव टाकलं आणि काही आलं नाही, म्हणजे परीक्षण नाही असं नव्हे.

मी असं करतो. आधी नाव अवतरणचिन्हांत टाकून तारखेची चौकट त्या तीन-चार आठवड्यांपुरती ठेवतो. आलं नाही तर नाटकाचं नाव सोडून पात्राचं नाव टाकतो. ‘ब्लाइद स्पिरिट’मध्ये मादाम अर्काटी हे मांत्रिक बाईचं पात्र आहे, असं विचित्र नाव दुसरीकडे कुठे येणार? मग नट-नटींची आडनावं: मार्गारेट रदरफोर्ड, फे कॉम्प्टन, के हॅमंड, सेसिल पार्कर. मग थिएटरचं नाव. हे सगळं अर्थात इंग्रजी अक्षरांत टाकायचं, आणि नोएलमधल्या दोन टिंबांच्या अक्षराऐवजी साधं अक्षर टाकूनही पाहायचं. इतकं करूनही हाती नाही लागलं तर शोध बंद करा आणि अंक पहिल्या पानापासून चाळा. सदरांची जागा सहसा ठरलेली असते, त्यामुळे दोन अंक चाळले की तिसऱ्यात हात आपोआप त्या पानावर जातो.

पाचवी पायरी: वाचण्याआधी पान बघा

ही पायरी सगळ्यांत मोलाची आहे आणि सगळे हीच गाळतात. पान उघडल्यावर मजकुराची पहिली ओळ वाचू नका. दोन मिनिटं नुसतं पान बघा आणि वहीत लिहा.

पानाचा किती भाग चित्राचा, किती मजकुराचा? चित्र म्हणजे फोटो आहे की व्यंगचित्र? फोटोखालच्या ओळीत काय म्हटलंय, आणि परीक्षणात काय म्हटलंय. दोन्ही जुळतात का? फोटोखालची ओळ लिहिणारा बहुधा परीक्षक नसतो, आणि ती ओळ नाटकाच्या जाहिरातवाल्यांच्या सुरात असू शकते. फोटो नटीचा आहे, पण परीक्षणात तिच्याबद्दल एकच वाक्य आहे, असं दिसलं तर ते टिपून ठेवा.

मग समोरचं पान आणि मागचं पान. ‘टॅटलर’मध्ये सैन्याच्या गणवेशातला नवरदेव आणि त्याची नवी नवरी, रुग्णसेवेत रुजू झालेली कोणी उमराव घराण्यातली मुलगी, घोड्यांच्या शर्यती, कुठल्याशा विमानदळाच्या तुकडीचा सामूहिक फोटो, आणि यांच्या मध्ये नाटकाचं पान. हा शेजार वाचकासाठी अगदी रोजचा होता. तो तसाच पाहिला की परीक्षकाच्या वाक्यातला एखादा शब्द, उदाहरणार्थ ‘सुटका’ किंवा ‘विसर’, वेगळ्याच वजनाने वाचला जातो.

जाहिराती तर सोडूच नका. युद्धकाळात कितीतरी कंपन्या बाजारात नसलेल्या मालाची जाहिरात करत. माल आत्ता मिळणार नाही, शांतता झाली की परत येऊ, तोवर आमचं नाव ध्यानात ठेवा, असा तो मजकूर. पुस्तकाच्या परीक्षणाशेजारी अशी जाहिरात असली की टंचाई म्हणजे काय ते दोन ठिकाणांहून दिसतं.

थिएटरांच्या जाहिरातींमधल्या प्रयोगांच्या वेळाही उतरवून घ्या. ब्लिट्झच्या काळात अंधार पडायच्या आत लोकांना घरी पोचता यावं म्हणून प्रयोग दुपारी किंवा लवकर होत. नट डोनल्ड वुल्फिट यांनी 1940 च्या शरदात जेवणाच्या सुट्टीत शेक्सपियरचे प्रवेश करायला सुरुवात केली. दुपारी एक वाजता, कचेरीतून उठून आलेल्या माणसांनी पाहिलेलं शेक्सपियर आणि रात्री सावकाश पाहिलेलं शेक्सपियर एकच नव्हे.

एकदा मी एका नाटकाच्या परीक्षणाचा मजकूर सुबक अक्षरात उतरवून घेतला, पानाकडे पाहिलंच नाही आणि तारीखही लिहिली नाही. वर्षभराने तो कागद सापडला तेव्हा तो कुठल्या वर्षाचा, नाटक नवीन होतं की पुनरुज्जीवित, काहीच सांगता येईना. मजकूर शब्दन् शब्द बरोबर होता आणि उपयोग शून्य. तेव्हापासून तारीख, पत्र, पान आणि पानाचं रेखाटन आधी, मजकूर नंतर, हा क्रम मी मोडत नाही.

सहावी पायरी: परीक्षक कोण आहे ते समजून घ्या

सही असेल तर त्या माणसाची ओळख करून घ्या. दोन माणसांवर मी इथे थोडा थांबतो.

जेम्स एगेट हे ‘संडे टाइम्स’चे नाट्यसमीक्षक, 1923 पासून 1947 मध्ये मरेपर्यंत. हेच गृहस्थ ‘टॅटलर’मध्ये सिनेमावर लिहीत. जीव रंगभूमीवर, काम सिनेमाचं. त्यामुळे त्यांच्या सिनेमाच्या लेखात जुन्या नट-नट्यांच्या आठवणी, फ्रेंच नाटकं, जेवणं, भांडणं असं सगळं येतं, आणि सिनेमा कधी कधी बराच उशिरा येतो. नवख्या वाचकाला हे विषयांतर वाटतं. मला ते त्या लेखनाचं बलस्थान वाटतं. आपल्याला त्यात एक पिढी बोलताना ऐकू येते, जिला सिनेमा अजून पुरता आपला वाटलेला नव्हता. एगेट यांची ही परीक्षणं 1946 मध्ये पुस्तकरूपाने आली. पण पुस्तकात पान नाही, फोटो नाही, शेजारचा नवरदेव नाही. म्हणून पुस्तक असलं तरी मूळ अंकाकडे जा.

दुसऱ्या एलिझाबेथ बोवेन. आयरिश कादंबरीकार, युद्धात लंडनमध्ये हवाई हल्ल्यांच्या वेळी गस्त घालणाऱ्या वॉर्डन, आणि 1941 पासून ‘टॅटलर अँड बायस्टँडर’मध्ये पुस्तकांवर नियमित लिहिणाऱ्या. रात्री रस्त्यावर फिरून कुठल्या खिडकीतून उजेड दिसतो का ते बघायचं, आणि दिवसा कादंबऱ्या वाचून आठवड्याचा मजकूर द्यायचा. 1944 मध्ये रीजंट्स पार्कजवळचं त्यांचं घर उडत्या बॉम्बने निकामी केलं. त्या काळातलं त्यांचं परीक्षण वाचताना हे माहीत असलं की एखाद्या कादंबरीतल्या घराचं वर्णन त्यांना का भावलं असेल याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, बरं का. परीक्षणात त्या तसं म्हणत नसतील तर आपण त्यांच्या तोंडी घालायचं नाही.

‘स्केच’मध्ये कादंबरीकार एल. पी. हार्टली पुस्तकांवर लिहीत. बोवेन आणि हार्टली एकाच पुस्तकावर काय म्हणतात, ही जोडी लावून बघण्यासारखी आहे.

सही नसेल किंवा नुसती आद्याक्षरं असतील तर नाव ठोकून देऊ नका. ‘निनावी’ असं लिहा आणि पुढे जा.

सातवी पायरी: टंचाई ओळीओळींत शोधा

युद्ध सुरू झालं त्या दिवशी, 3 सप्टेंबर 1939 ला, सरकारने सगळी थिएटरं आणि सिनेमागृहं बंद केली. दोन आठवड्यांच्या आत ती पुन्हा उघडू लागली. त्या मधल्या अंकांत परीक्षकांकडे परीक्षण करायलाच काही नव्हतं. त्यांनी सदर कशाने भरलं हे बघणं फार बोलकं आहे. जुन्या आठवणी, पुस्तकं, नभोवाणी, काहीही. नवख्यांनी सुरुवात इथूनच केली तरी चालेल.

1940 पासून कागदावर नियंत्रण आलं. प्रकाशकांना युद्धापूर्वीच्या वापराच्या आधी 60 टक्के आणि पुढे 37.5 टक्के इतकाच कागद मिळू लागला. साप्ताहिकं बारीक झाली, सदरं आखडली. म्हणून 1939 च्या आणि 1943 च्या परीक्षणाच्या लांबीची तुलना करून ‘समीक्षकाला हे नाटक कमी महत्त्वाचं वाटलं’ असा निष्कर्ष काढू नका. आधी त्या अंकाची एकूण पानं मोजा.

29 डिसेंबर 1940 च्या रात्री सेंट पॉल्सजवळची पॅटरनॉस्टर रो ही प्रकाशकांची गल्ली जळली. लाखो पुस्तकं गेली. त्यानंतर पुस्तकांच्या सदरात एखादं पुस्तक चांगलं आहे पण मिळेल तेव्हा घ्या, किंवा ग्रंथालयात नाव नोंदवा, अशा सुराचं काही दिसलं तर ते औपचारिक वाक्य समजू नका. 1942 पासून पुस्तकं काटकसरीच्या ठरावीक नियमांनी छापली जात. पातळ कागद, बारीक टाइप, अरुंद समास. परीक्षक छपाईबद्दल बोलतो का, की तोही सरावला आहे, ते वर्षांप्रमाणे टिपा.

आठवी पायरी: कोणाची नजर होती ते बघा

ब्रिटनमध्ये 1968 पर्यंत प्रत्येक नव्या नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारातल्या अधिकाऱ्याच्या कचेरीकडून मंजूर करून घ्यावी लागे. म्हणजे परीक्षकाने पाहिलेलं नाटक आधीच गाळून आलेलं होतं. या संहिता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुढे कधी लंडनला जाणं झालं तर परीक्षण हातात घेऊन संहिता बघण्यासारखं सुख नाही.

सिनेमाच्या बाबतीत ‘कर्नल ब्लिम्प’चं उदाहरण पुन्हा घेतो. ‘ब्लिम्प’ हे मुळात डेव्हिड लो यांच्या व्यंगचित्रातलं पात्र, जुनाट विचारांचा फुगलेला लष्करी म्हातारा. लढाई चालू असताना सैन्यावर असा सिनेमा निघतोय म्हणून पंतप्रधान चर्चिल खवळले आणि त्यांनी तो थांबवता येतो का याची चाचपणी केली. सिनेमा थांबला नाही, पण परदेशी पाठवण्यावर काही काळ अडथळे आले. आता जून 1943 ची परीक्षणं वाचताना विचारा: या वादाचा उल्लेख आहे का? उघड आहे की आडून? की परीक्षक फक्त रंगांबद्दल आणि लांबीबद्दल बोलतोय? न बोललेलंही नोंदवायचं असतं, पण ‘इथे उल्लेख नाही’ एवढंच. ‘घाबरून गप्प बसला’ असं लिहायला वेगळा पुरावा लागतो.

तिसरी नजर साप्ताहिकाच्या स्वतःच्या हितसंबंधांची. पहिल्या महायुद्धात ब्रूस बेर्न्सफादर यांच्या व्यंगचित्रांतला ‘ओल्ड बिल’ हा खंदकातला मिशाळ सैनिक ‘बायस्टँडर’च्या पानांवरून घराघरात पोचला. 1917 मध्ये त्याच्यावर ‘द बेटर ओल’ हे संगीत नाटक लंडनच्या ऑक्सफर्ड थिएटरमध्ये आलं. आता ‘बायस्टँडर’ने या नाटकावर काय लिहिलं ते वाचायचं तर हे घरचं लग्न आहे, हे मनात धरूनच वाचावं लागतं. तोलायला ‘टॅटलर’, ‘स्केच’ आणि एखादं दैनिक बाजूला ठेवा.

नववी पायरी: बाहेरचा आवाज आणा

सचित्र साप्ताहिकांचा वाचक सुस्थितीतला होता, हे विसरून चालणार नाही. म्हणून प्रत्येक कलाकृतीसाठी निदान एक चित्रं नसलेलं, वेगळ्या वळणाचं पत्र जोडा. कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांना ‘ब्लाइद स्पिरिट’ मुळीच रुचलं नाही, त्यांनी त्यातल्या अभिरुचीवरच बोट ठेवलं. जॉर्ज ऑर्वेल 1940-41 मध्ये ‘टाइम अँड टाइड’ या साप्ताहिकात नाटक-सिनेमांवर लिहीत होते. चार्ली चॅप्लिन यांच्या ‘द ग्रेट डिक्टेटर’वरचं त्यांचं परीक्षण 21 डिसेंबर 1940 च्या अंकात आहे. त्याच पंधरवड्यातले ‘टॅटलर’ आणि ‘स्केच’ त्याच्या शेजारी ठेवा. एकच सिनेमा, एकच बॉम्ब पडणारं शहर, आणि किती निराळे प्रेक्षक!

दहावी पायरी: टाचण आणि हक्क

प्रत्येक परीक्षणाला एक कार्ड किंवा एक फाइल. वर पत्राचं नाव, तारीख, पान, मग परीक्षक, कलाकृती, थिएटर किंवा सिनेमागृह, मग पानाचं वर्णन, मग मजकूर, आणि सगळ्यांत खाली, वेगळ्या रंगात, तुमचं मत. मत आणि मजकूर एकाच शाईत लिहिलेत की सहा महिन्यांनी कोणतं वाक्य कोणाचं ते तुम्हालाच ओळखता येणार नाही.

यातलं काही मराठीत अनुवादित करून छापायचं असेल तर हक्क बघावे लागतात. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं, भारतात 60 वर्षं हक्क राहतात. एगेट 1947 मध्ये गेले, त्यांचं लेखन दोन्हीकडे मुक्त झालं आहे. बोवेन 1973 मध्ये गेल्या, म्हणून भारतात 2033 संपेपर्यंत आणि ब्रिटनमध्ये 2043 संपेपर्यंत परवानगी लागेल. परीक्षणाच्या संदर्भात छोटा उतारा देणं ही वेगळी गोष्ट. फोटो आणि व्यंगचित्रांचे हक्क मजकुरापासून निराळे असतात, त्यांची चौकशी स्वतंत्रपणे करा. आणि संकेतस्थळावरून उतरवलेलं पानाचं चित्र स्वतःच्या अभ्यासासाठी ठेवता येतं, छापण्यासाठी त्या संग्रहाच्या अटी वाचाव्या लागतात.

पहिल्या बैठकीसाठी माझं सांगणं एवढंच: ‘टॅटलर अँड बायस्टँडर’, जुलै 1941, बुधवारचे तीन अंक. मादाम अर्काटीचं नाव टाका, पान उघडा, आणि दोन मिनिटं काहीही वाचू नका.